फ्लशच्या टाकीचं झाकण एकदा उघडून बघा

पाणी वाचवायचं म्हटलं की आपण आधी नळाकडे बघतो. दात घासताना नळ बंद, अंघोळीला एकच बादली. चांगलंच आहे. पण घरातलं बरंचसं पाणी जिथे जातं, त्या टॉयलेटबद्दल कुणी तोंड उघडत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण तिथे बहुतेक घरांत पिण्याचंच पाणी ओतलं जातं.

हिशोब करा. जुन्या टाकीतून एका फ्लशला 10 लिटर पाणी सहज जातं. घरात चार माणसं, प्रत्येकी पाच वेळा, म्हणजे रोजचे 200 लिटर! तेच 3 आणि 6 लिटरच्या दोन बटणांच्या टाकीत, पाचपैकी चार वेळा छोटं बटण दाबलं, तर 72 लिटरमध्ये भागतं. ऑस्ट्रेलियात ब्रूस थॉम्पसन यांनी दोन बटणांची टाकी आणली 1980 मध्ये. इतकी वर्षं झाली, तरी कितीतरी जण दोन्ही बटणं एकदम दाबतात. छोटं बटण कशासाठी, हे घरातल्या मुलांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

आणि गळती! आमच्याकडे रात्री सगळं शांत झालं की टाकी मधूनच भरल्याचा आवाज यायचा. कुणी फ्लश केलेला नसायचा. एकदा टॉर्च घेऊन वाकून पाहिलं, तर कमोडच्या आतल्या बाजूने पाण्याची केसाएवढी धार चालू होती. खाण्याचा रंग टाकीत टाकला, फ्लश न करता अर्धा तास थांबले. भांड्यात रंग उतरला होता. टाकीच्या तळाचा वॉशर कडक झाला होता, त्यावर क्षार बसले होते. वॉशर बदलला, आवाज थांबला. किती महिने ते पाणी दिवसरात्र वाहत होतं, या विचाराने अजून वाईट वाटतं.

कधी वॉशर ठीक असतो, पण फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, जास्तच वर बसवलेला असतो आणि जादा पाणी मधल्या उभ्या नळीतून खाली जात राहतं. पाणी त्या नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबलं पाहिजे.

टाकी जुनी, मोठी असेल तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली घट्ट झाकण लावून आत ठेवा, फ्लोटला अडणार नाही अशी. दर फ्लशला जवळपास लिटरभर वाचतं. वीट मात्र नको, ती झिजते आणि तिचे कण वॉशरखाली अडकतात. बाटलीमुळे दोनदा फ्लश करावा लागत असेल, तर ती लगेच काढून टाका.