नवी बॅरल ‘बसवण्या’ची सक्ती कशासाठी?

नवी रायफल हातात आली की एक सल्ला हमखास मिळतो. पहिल्या 10 गोळ्यांपर्यंत दर गोळीनंतर बॅरल, म्हणजे नळी, साफ करा, पुढे दर 3 गोळ्यांनंतर, असं 50 पर्यंत न्या. यालाच बॅरल ‘बसवणं’ म्हणतात. हे टाळलंत तर गोळीच्या आवरणाचं तांबं बॅरलच्या पोलादात मुरेल आणि बॅरलची अचूकता कायमची जाईल. ही भीती नव्या नेमबाजांच्या मनात घालू नये असं मला कळकळीनं वाटतं.

पहिलं म्हणजे तांबं पोलादात मुरत नाही. ते पृष्ठभागावर थर धरतं. जळलेल्या दारूचा कार्बन आणि तांबं यांचे थर एकावर एक चढले तर काढायला वेळ लागतो, पण चांगलं सॉल्व्हंट (हे थर विरघळवणारं द्रव) ते काढतं.

बॅरल बसवण्याच्या बाजूनं सांगितल्या जाणाऱ्या ‘गोळी बॅरल आतून गुळगुळीत करते’ या वाक्यात थोडं तथ्य आहे, फक्त जागा चुकते. गोळीचं तांब्याचं आवरण पोलादापेक्षा कितीतरी मऊ असतं. खरी खरखर असते थ्रोटमध्ये, म्हणजे काडतूस बसतं ते चेंबर संपून गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा सुरू होतात तिथे. रीमर या फिरत्या हत्यारानं चेंबर कापताना तिथे गोळीच्या वाटेला आडव्या बारीक रेघा पडतात. त्यांच्यावरून जाताना आवरण खरवडलं जातं आणि ते तांबं पुढे बॅरलभर बसतं. तप्त वायूंच्या माऱ्यानं या रेघा हळूहळू बोथट होतात. मधून मधून तांबं काढलं तर ते लवकर होतं, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी 50 चा आकडा कुठून आला? सॉल्व्हंटमध्ये विरघळलेलं तांबं निळं दिसतं; पॅचवरची, म्हणजे सफाईच्या कापडी तुकड्यावरची, ही निळाई कमी झाली की काम झालं. एखाद्या बॅरलला त्यासाठी मोजक्याच गोळ्या पुरतात. गेल मॅकमिलन या नामांकित अमेरिकी बॅरलकारानं तर या सगळ्या खटाटोपालाच उघड विरोध केला होता.

निळाईबद्दल एक सावधगिरी हवी. पितळी जॅग (सफाईच्या रॉडचं पॅच धरणारं टोक) वापरत असाल तर अमोनियायुक्त सॉल्व्हंट पितळेतलं तांबंही विरघळवतं. स्वच्छ बॅरलमधूनही पॅच निळा येतो आणि माणूस घासतच बसतो. सॉल्व्हंटचा थेंब टाकलेला पॅच नुसता जॅगवर गुंडाळून ठेवून बघा, तोही निळा होईल.

घासण्याचा हिशेबही मांडू. या पद्धतीत सुमारे 23 वेळा सफाई होते; दर वेळी ब्रशच्या 10 फेऱ्या धरल्या तर 230. रॉड सरळ ठेवणारी नळी, म्हणजे बोअर गाइड, नसेल तर वाकलेला रॉड थ्रोटला घासतो. गोळी बाहेर पडते त्या तोंडाकडून रॉड घातला तर क्राउनची, म्हणजे त्या तोंडाची, कड झिजते, आणि गोळी बॅरल सोडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेचा असतो.

‘माझी रायफल यानंतरच सुधारली’ हा पुरावा तर टिकतच नाही. तीच बॅरल पुन्हा नवी करून, न बसवता झाडून बघता येत नाही.

पॉइंट टू-टू (.22) या छोट्या काडतुसाच्या रिमफायर रायफलीलाही हेच सांगतात. तिच्या नेहमीच्या शिशाच्या गोळीला तांब्याचं जाड आवरणच नसतं, मग तांबं काढायचं कुठलं?

पहिल्या गोळीआधीची सफाई मात्र चुकवू नका. रायफल रिकामी असल्याची खात्री करा आणि रॉड चेंबरकडून घाला. कारखान्यातलं गंजरोधक तेल आणि राहिलेला धातूचा कीस काढा. शेवटी कोरे पॅच फिरवून बॅरल आणि चेंबर कोरडं करा, कारण आत तेल साचलेलं असताना गोळी झाडली तर दाब धोकादायक वाढू शकतो.