दमानं घ्या

आमची चौघांची मैत्री चोवीस वर्षं टिकली, कारण इतक्या वर्षांत कोणी कोणाचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलेलं नाही. हॉस्टेलच्या मेसमध्ये एका जादा अंड्यावरून सुरू झालेला वाद अजून निकाली निघायचा आहे.

पाठीवर पिशव्या टाकून दक्षिण अमेरिका हिंडायची, हे विशीत ठरलं आणि पंचेचाळिशीत जमलं. तोवर पिशवीत कपड्यांपेक्षा गोळ्या जास्त झाल्या होत्या. अण्णाच्या पिशवीत तर तीन लिटरचा कुकर होता. त्यावरून आम्ही त्याला मुंबई विमानतळापासून छळलं. मास्तर शाकाहारी. तो शिकवत कुठेच नाही, पण सोडत कोणालाच नाही. चौथा खजिनदार. त्याच्या मोबाइलात एक एक्सेल शीट होती आणि तिच्यात पाण्याच्या बाटलीलाही स्वतंत्र ओळ होती.

पेरूतल्या लिमात उतरलो आणि पहिल्याच दुपारी तोंडं सुरू झाली. खजिनदारानं सेविचे मागवलं. सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, सोबत मका आणि उकडलेलं रताळं. त्यातल्या रताळ्याच्या दोन चकत्या मास्तरानं उचलल्या. आता सेविचेचे पैसे दोघांत वाटायचे की एकट्या खजिनदारावर टाकायचे? मास्तराचं म्हणणं, रताळं ही सजावट. खजिनदाराचं म्हणणं, सजावट कोणी खात नाही. दीड तास झाला. समोर प्रशांत महासागर होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विमानानं कुस्कोला गेलो. लिमा समुद्राकाठी, कुस्को ३४०० मीटरवर, आणि मधे जेमतेम सव्वा तास. आपल्याकडे सगळ्यात उंच कळसूबाई, १६४६ मीटर. तिथेही आम्ही दर शिडीला लिंबूसरबत पीत चढलो होतो. इथे तर कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवून वर एक टेकडी ठेवल्यासारखं होतं, आणि त्या टेकडीवर आमचं हॉस्टेल तिसऱ्या मजल्यावर.

पहिल्या मजल्यापर्यंत मास्तर इंका साम्राज्याविषयी बोलत होता. दुसऱ्यावर तो फक्त ‘इंका’ म्हणाला. तिसऱ्यावर नुसता ‘इं’. पाठीवर रंगीत कापडात भलं मोठं बोचकं बांधलेली एक आजी आम्हाला ओलांडून वर गेली, काहीतरी ठेवून खाली आली, तेव्हाही आम्ही त्याच पायरीवर दम खात होतो. काउंटरवरचा पोरगा आमच्याकडे बघून ‘पोको अ पोको’ म्हणाला आणि कोकाच्या पानांचा चहा आणून दिला. शब्द कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. दमानं घ्या, आजोबा.

उंचीवरच्या या त्रासाला तिथे ‘सोरोचे’ म्हणतात. डोकं ठणकतं, झोप उडते, भूक मरते. पण माझ्या लक्षात आलेलं लक्षण कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. एका श्वासात माणसाला फक्त दोन शब्द बोलता येतात. चालत असेल तर एक. आणि भांडणाला निदान सात-आठ शब्द सलग लागतात. ‘तू नेहमी असंच करतोस’ यातलं ‘तू नेहमी’ झालं की थांबून श्वास घ्यावा लागे, आणि तोवर समोरचा पुढे निघून गेलेला असे.

त्या आठवड्यातच एकादशी आली. मास्तराला उपासाचं कसं व्हायचं, या काळजीनं आम्ही बाजारात गेलो आणि बघतो तर पृथ्वीच्या पाठीवर उपासाला याहून सोयीची जागा नसावी. बटाटे पांढरे, पिवळे, जांभळे, गाठाळ, बोटाएवढे. शेंगदाण्यांचे ढीग. ज्याचा साबुदाणा होतो तो कंद. हिरव्या मिरच्या. आणि एका टोपलीत राजगिऱ्याची चिक्की! तिथे तिला किविचा म्हणतात, पण चव थेट आपल्या एस. टी. स्टँडवरची. ही सगळी मंडळी मूळची याच खंडातली, आपल्याकडे समुद्रावरून आलेली. मास्तराचे डोळे लकाकले. एवढा सोन्यासारखा विषय! त्यानं बोट वर केलं, ‘म्हणजे आपला उपास...’ म्हणाला आणि मिरच्यांच्या टोपलीला टेकून खाली बसला. व्याख्यान उधारीवर गेलं.

माझा सिद्धांत पक्का झाला तो माचू पिच्चूला. इंकांचं हे जुनं शहर कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटरनं खाली, २४३० मीटरवर आहे. लोक तिथे पोचल्यावर ते दगड बघून अवाक होतात. आम्हाला तिथे वाचा फुटली. ‘रताळं ही सजावट नाही’ हे वाक्य खजिनदारानं इंकांच्या गच्चीशेतीसमोर उभं राहून, एकही श्वास मधे न घेता म्हटलं. गाइडनं आम्हाला काय झालं विचारलं. त्याला रताळ्याचं प्रकरण स्पॅनिशमध्ये सांगणं कोणाला जमलं नाही.

मग पुन्हा वर. पुनो, टिटिकाका सरोवर आणि बोलिव्हियातलं ला पास. ला पास म्हणजे एका भल्या मोठ्या कढईच्या आतल्या बाजूला चिकटलेलं शहर. तळाशी श्रीमंत, काठावर गरीब, आणि काठाच्याही वर चार हजार मीटरवर एल आल्तो हे दुसरं शहर. इथे चौकात झेब्र्याचा पोशाख घातलेली तरुण पोरं लोकांना रस्ता ओलांडायला मदत करतात. एका झेब्र्यानं खजिनदाराचा हात धरून त्याला पलीकडे सोडलं. खजिनदारानं त्याबद्दल शीटमध्ये ओळ घातली नाही. प्रकृती इतकी खालावली होती.

ला पासचे चार दिवस आम्ही एका शब्दावर काढले. गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात सुकवलेले काळे बटाटे दिसले, अण्णा म्हणाला, ‘वाळवण.’ जादूटोण्याच्या बाजारात लामा या प्राण्याची सुकवलेली पिल्लं टांगलेली दिसली. नवं घर बांधताना ती पायात पुरतात, भूमातेला म्हणून. अण्णा म्हणाला, ‘वास्तुशांत.’ एका माणसानं कोकाची पानं गालात धरली, त्यात राखेची गोळी चावून घातली. अण्णाचे डोळे भरून आले. म्हणाला, ‘चुना.’ मास्तरानं तीन-तीन पानं भाषण केलं असतं, त्यापेक्षा हे बरं होतं.

आणि कुकर. एवढ्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात दोन गोरी पोरं तासभर पातेल्यात राजमा ढवळत बसली होती. अण्णानं मुकाट्यानं कुकर काढला, मुगाच्या डाळीची खिचडी लावली. पहिल्या शिट्टीला ती पोरं दाराबाहेर पळाली. मालकीणबाई मात्र धावत आत आल्या, हसल्या आणि कपाट उघडून त्यांचे दोन कुकर दाखवले. अण्णानं आमच्याकडे नुसतं बघितलं. बोलायला दम नव्हता, पण त्या बघण्यात मुंबई विमानतळापासूनचं सगळं आलं.

संध्याकाळी आम्ही केबल कारमध्ये बसायचो. २०१४ पासून ते शहर असंच हवेतून ये-जा करतं, रंगांच्या नावांच्या लायनी आहेत. पायाखालून गच्च्या जात, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरून भुंकणारी कुत्री. समोर इलिमानी पर्वताचं बर्फ लाल होत जाई. चौघं गप्प. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच मला कळलं की हे तिघे गप्प असले की फार चांगले दिसतात.

पाचव्या दिवशी ब्यूनस आयर्सला निघालो. वाटेत सांताक्रूझला विमान बदलायचं होतं. हो, बोलिव्हियातही सांताक्रूझ आहे. सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे डोंबिवलीत संध्याकाळचे साडेसात. अण्णानं आईला फोन लावला.

‘आई, सांताक्रूझला उतरलो.’

‘अगंबाई, आलास? मग जेवायलाच ये. भाकरी टाकते.’

हे सांताक्रूझ समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे मीटरवर. ला पासमध्ये झाकण लावलेली माझी पाण्याची बाटली पिशवीत पार चेपून गेली होती. मी ती हातात धरून बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘म्हणजे आपला उपास,’ मास्तर म्हणाला, ‘मुळात दक्षिण अमेरिकेतून...’

‘आधी रताळ्याचं बघू,’ खजिनदार म्हणाला. मोबाइल उघडलेला होता.

‘कुकरला कोण हसलं होतं?’ अण्णा आईचा फोन तसाच चालू ठेवून म्हणाला.

ते भांडण विमानात गेलं, टॅक्सीत गेलं आणि रात्री दहाला, म्हणजे त्या गावाच्या जेवणाच्या वेळेला, हॉटेलात शिरलं. मास्तरानं मेन्यूत ‘बताता’ वाचलं आणि बटाटा समजून सगळ्यांसाठी मागवलं. अर्जेंटिनात बताता म्हणजे रताळं. वेटरनं ताट मधोमध ठेवलं.

पुढचं सांगत नाही. दीड वाजता खजिनदारानं दमून विषय बदलला, पुढच्या वर्षी कुठे जायचं? गोवा, केरळ, अंदमान. मी मोबाइलवर लेहची उंची बघितली. ३५०० मीटर. चौघांची तिकिटं मी माझ्या कार्डावर काढून टाकली.