‘मंदीत अमेरिकेने पैसे वाटले नाहीत, झाडं लावून घेतली’ : अहो, पैसेच तर दिले!

पावसाळा आला की आमच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज उगवतोच. १९३० च्या दशकातल्या मंदीत म्हणे अमेरिकेने बेकारांना दमडी दिली नाही. तरुणांना लष्करी छावण्यांत घातलं, ३०० कोटी झाडं लावून घेतली, मंदी पळाली. आणि आपण? बसून खायला देतो.

झाडांचा आकडा बरोबर आहे. बाकीचं बघू.

‘दमडी दिली नाही.’ योजनेचं नाव सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर. पहिली छावणी एप्रिल १९३३ मध्ये व्हर्जिनियाच्या जंगलात उघडली. पगार महिना ३० डॉलर, आणि त्यातले साधारण २५ सरकार परस्पर घरी पाठवायचं. सुरुवातीला पोरगा निवडतानाच घर सरकारी मदतीवर आहे का, हे बघत. म्हणजे कुदळ पोराच्या हातात, पण चूल पेटायची गावाकडे. त्याच्याकडे उरायचे पाचेक डॉलर, तेही छावणीच्या कँटीनमध्ये जात. जेवण, डॉक्टर फुकट. कपडेही फुकट, बरेचसे पहिल्या महायुद्धातले उरलेले, त्यामुळे कुणाची पँट ढगळ तर कुणाची आखूड. झाडं लावून घेतली हे खरं, पण मजुरी देऊन.

‘लष्करी.’ छावणी सैन्य चालवायचं, सकाळी बिगुलही वाजायचा. पण बंदुकीचं शिक्षण नव्हतं, आणि काम नेमून द्यायचे वनखात्याचे, उद्यानखात्याचे लोक. तरी कामगार पुढारी विल्यम ग्रीन यांना यात फॅसिझमचा वास आला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी मग शक्कल लढवली आणि संचालक म्हणून कामगार संघटनेतलाच माणूस नेमला, रॉबर्ट फेकनर. कायद्यात वंशभेदाला बंदी होती. तरी १९३५ पासून कृष्णवर्णीयांच्या छावण्या सरसकट वेगळ्या झाल्या, त्या याच फेकनरच्या कारकिर्दीत. हे मेसेजमध्ये कधी येत नाही. बायकांना तर प्रवेशच नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्टनी जोर लावल्यावर त्यांच्यासाठी निराळ्या छावण्या निघाल्या, त्यांत सगळ्या मिळून साडेआठ हजारांच्या आसपास बायका गेल्या.

‘मंदी पळाली.’ १९३३ मध्ये बेकार सव्वा कोटीच्या घरात. १९३५ मध्ये योजना ऐन भरात असताना छावण्यांत पोरं होती पाच लाख. करा भागाकार! बेकारी खरी हटली ती युद्धाच्या कारखान्यांनी, आणि १९४२ मध्ये अमेरिकी संसदेने योजनेचा पैसाच बंद केला.

राहिलं ‘बसून खायला’. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे लोक खडी फोडत होते, नालाबांध घालत होते, पाझर तलाव खणत होते. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. घमेलं डोक्यावर, तान्हं पोर बाभळीखाली झोळीत. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ मध्ये, लागू झाला १९७९ मध्ये. या मजुरीसाठी पैसा उभा करायला १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसला. मेसेज पाठवणारे आमचे काका नोकरदार. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या पगारातून तो दरमहा कापला जायचा.