वीतभर रबरासाठी अख्खी लाइन

डिझेल पिकअपखाली पाठीवर पडून, गिअरबॉक्सचे लाल ऑइल कोपरापर्यंत ओघळत असताना, ते ऑइल थंड करायला नेणाऱ्या नळीची, म्हणजे कूलर लाइनची, तीच गळती थांबवण्याची दोन वर्षांतली माझी ही तिसरी वेळ आहे आणि आता माझा संयम पूर्णपणे संपलेला आहे. ओझी वाहणाऱ्या गाडीत झीज होणार, सील जाणार, बेअरिंग वाजणार, हे मला मान्य आहे. मात्र एखादा भाग असा घडवलेला असावा की तो गळणार हे ठरलेलेच, आणि गळला की दुरुस्त करता येणार नाही हेही ठरलेलेच, हे मला मुळीच मान्य नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या ऑइलमधून पुढे जाते. ट्रेलर जोडून चढ चढताना ते ऑइल इतके घुसळले जाते की ते सतत थंड करावेच लागते, आणि त्यासाठी दोन लोखंडी नळ्या गिअरबॉक्सपासून गाडीच्या तोंडाशी असलेल्या कूलरपर्यंत जाऊन परत येतात. इंजिन थरथरते, चासीला जखडलेला कूलर त्याच्याबरोबर थरथरत नाही, म्हणून नळीच्या मध्ये रबरी होजचा तुकडा घालावा लागतो. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. माझा सगळा राग त्या रबराच्या दोन टोकांवर आहे. तिथे होज नळीवर चढवून वरून धातूचे कडे यंत्राने कायमचे दाबून बसवलेले असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याचा ताण ओसरतो, पण कडे आहे तिथेच राहते. त्या कड्याला ना नट आहे ना स्क्रू, त्यामुळे एक आटासुद्धा आवळण्याची सोय नाही. थंडीच्या पहाटे तर रबर आणखी आकसते, आणि गाडी सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत कड्याच्या काठावरून थेंब सुटू लागतात. इंजिन तापले की तेच थेंब थांबतात आणि गॅरेजमध्ये नेईपर्यंत सारे कोरडे दिसते.

पहिल्या वेळी मला याच गोष्टीने फसवले. गळणारे ऑइल धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे फेकले जाते, त्यामुळे गळती पुढे आणि ओला झालेला गिअरबॉक्स मागे, असे चित्र दिसते. त्या चित्रावर विश्वास ठेवून मेकॅनिकने चेंबरचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या भांड्याचे, पॅकिंग बदलले. त्याने आधी खालचा भाग धुऊन, पुसून, थंड इंजिन सुरू करून दहा मिनिटे बॅटरीच्या उजेडात लाइनवर बोट फिरवले असते, तरी त्याला कारण सापडले असते. तेवढ्याने भागले नसते तर ऑइलमध्ये रंगद्रव्य टाकून अतिनील दिव्याखाली पाहता आले असते. यांपैकी काहीही न करता त्याने माझ्याकडून पैसे घेतले. आठवड्याभरात गाडीखाली पुन्हा तेच लाल डाग पडले. ज्याला गळतीचा उगम शोधण्याची चिकाटी नाही, त्याने पाना हातात घेऊ नये.

दुसऱ्या वेळी मी स्वतः नवी लाइन आणली, आणि तेव्हा कळले की रबराचा तुकडा सुटा विकतच नाहीत. वीतभर होज खराब झाला म्हणून हातभर लांबीची, सहा ठिकाणी वाकवलेली, पूर्णपणे निरोगी लोखंडी नळी टाकून द्यायची. ती नळी इंजिनाच्या अंगाने, स्टार्टरजवळून, चासीच्या आतल्या बाजूने अशी खेळवलेली आहे की दोन-तीन भाग सैल केल्याशिवाय ती बाहेर निघत नाही. कूलरकडच्या जोडातली तारेची बारीक क्लिप चिखलाने इतकी गच्च बसलेली होती की ती काढताना दोनदा हातातून उडाली. रेडिएटरकडचा नट गंजलेला असला की काम आणखी जोखमीचे होते, कारण तिथे एक पाना कूलरच्या बाजूला धरून दुसऱ्याने नट फिरवावा लागतो. घाईने एकाच पान्यावर जोर काढला तर रेडिएटरच्या आत असलेल्या कूलरचा सांधा पिरगळून फाटतो, गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले पाणी, शिरते, गुलाबी रबडी तयार होते आणि गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्यांची वाट लागते. एवढा सारा धोका पत्करून मी जी नवी लाइन बसवली, तिच्यावरही तेच दाबलेले कडे होते, त्याच जागी, त्याच घडणीचे. आज तीच लाइन गळते आहे.

यावर मिळालेल्या सल्ल्यांनी माझा राग दुप्पट झाला आहे. होज कापा, नळीवर चढवा, वर दोन क्लॅम्प आवळा, असे लोक इतक्या सहजतेने सांगतात की ऐकवत नाही. कापलेल्या नळीचे टोक गुळगुळीत असते, त्यावर होज अडकून राहायला उंचवटा नसतो. तापलेल्या ऑइलच्या दाबाने तो निसटला, तर मिनिटाला कित्येक लिटर वाहणारे ऑइल रस्त्यावर सांडते, पंप हवा ओढू लागतो, गिअर घसरतात आणि गाडी थांबवेपर्यंत गिअरबॉक्स जळालेला असतो. तेच ऑइल टर्बोच्या तापलेल्या पाइपवर उडाले तर आग लागू शकते. वर कोणी हाताशी आहे म्हणून साधा पेट्रोलचा होज लावतो, तो तर या कामाचा नव्हेच. या ऑइलसाठी आणि या उष्णतेसाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे 1532 या मानकाचा वेगळा होज असतो.

म्हणून या वेळी मी ती लाइन बदललेली नाही, कापली आहे. दोन्ही कडी उडवून, उरलेल्या चांगल्या नळीच्या टोकांना 37 अंशांचा फ्लेअर काढून, म्हणजे टोक नरसाळ्यासारखे पसरवून, त्यामागे आधाराचे कडे, म्हणजे स्लीव्ह, आणि नट घालून, मध्ये असा होज बसवला आहे ज्याची दोन्ही टोके पान्याने उघडतात. कापताना पडलेला लोखंडाचा कीस आत राहू नये म्हणून नळी धुऊन हवेने फुंकून घेण्यातच एक तास गेला, आणि तो तास मी आनंदाने दिला. मग इंजिन चालू ठेवून, ऑइल तापल्यावर पातळी पाहून कमी पडलेले भरले. पुढे रबर पुन्हा थकेल, हे मला ठाऊक आहे. पण तेव्हा मी फक्त रबर बदलीन. हे मला गाडीखाली पडून, दोन नट आणि दोन स्लीव्ह वापरून करता आले. मग कारखान्यात बसून ही लाइन आखणाऱ्यांना ते का करता येत नाही, याचे उत्तर मला हवे आहे, आणि ते मिळेपर्यंत निदान तो वीतभर होज तरी त्यांनी सुटा विकावा.