सैतान येती घरा

साधुसंत येती घरा तोचि दिवाळी दसरा, असं म्हणतात. आमच्याकडे २०१२च्या दिवाळीत सैतान आले. मेहुण्याच्या बॅगेतून, चॉकलेटं आणि सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा यांच्यामध्ये, स्वेटरात गुंडाळून.

“दाजी, हे तुमचं,” म्हणत त्यानं ते पुडकं टेबलाखालून सरकवलं. सत्तावीस वर्षं बँकेत काढली, पण टेबलाखालून काही घ्यायची ही पहिलीच वेळ.

“तुम्ही ऐतिहासिक पिक्चर म्हणाला होता,” तो कुजबुजला.

“ऐतिहासिकच आहे.”

“मला वाटलं घोडे-तलवारी असतील. मागचं वाचलं तर नुसत्या नन! कस्टमवाल्यानं विचारलं असतं तर काय सांगणार होतो मी?”

सिनेमाचं नाव ‘द डेव्हिल्स’. दिग्दर्शक केन रसेल, साल १९७१. पुण्याला महिनाभराची रजा टाकून फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स केला होता तेव्हा एका सरांनी या सिनेमाबद्दल तासभर सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “पण तुम्हाला तो बघायला मिळायचा नाही.” एखाद्या सांगलीकराला असं सांगणं म्हणजे काय, ते सरांना ठाऊक नव्हतं. आमचं गाव नाट्यपंढरी. न मिळालेल्या पासांवर आम्ही दोन-दोन पिढ्या अबोला धरतो.

गोष्ट खरी घडलेली. फ्रान्समधलं लूदाँ नावाचं तटबंदीचं गाव, सतराव्या शतकाची तिशी. गावात उर्बें ग्रांदिए नावाचा देखणा, फर्ड्या वाणीचा पाद्री. बायकांच्या बाबतीत त्याचं पाऊल जरा घसरतं, पण त्याहून मोठा गुन्हा म्हणजे त्यानं राजाचा मुख्य मंत्री असलेल्या कार्डिनल रिशल्यूशी वाकडं घेतलेलं. रिशल्यूला गावाचे तट पाडायचे असतात आणि हा आडवा येतो. इकडे मठातली मुख्य जोगीण, जान दे झांज, पाठीत बाक असलेली, या माणसाला कधी भेटलेलीसुद्धा नाही. पण १६३२मध्ये तिच्या अंगात यायला लागतं आणि ती थेट त्याचंच नाव घेते. मग बाकीच्या जोगिणींच्या अंगात येतं. सैतान उतरवायचे कार्यक्रम जाहीर होतात आणि ते बघायला गावोगावची माणसं लोटतात. अंगातल्या सैतानाशी लॅटिनमध्ये बोलायची पद्धत होती. जानच्या सैतानाचं लॅटिन व्याकरण मात्र कच्चं निघालं. हा मुद्दा काही सुज्ञांनी काढलाही. पण गर्दी जमल्यावर व्याकरण कोण तपासतो?

कोर्टात पुरावा म्हणून ग्रांदिएनं सैतानाशी केलेला करार दाखवला गेला. उलट्या अक्षरांतलं लॅटिन, खाली सैतान, लेव्हिएथन वगैरे मंडळींच्या सह्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्यातला बँकवाला कळवळला. आमच्याकडे विधवा पेन्शनरच्या सहीतल्या ‘रा’चा काना आखूड पडला तर चेक परत जातो. इथे एका माणसाचा जीव चाललाय आणि लेव्हिएथनच्या सहीचं स्पेसिमेन कार्ड कुणी मागितलं नाही! १८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्रांदिएला भर चौकात जिवंत जाळलं.

आल्डस हक्सलेनं १९५२ साली यावर पुस्तक लिहिलं, जॉन व्हायटिंगनं नाटक, आणि त्या दोन्हींवरून रसेलनं सिनेमा केला. ग्रांदिए झाला ऑलिव्हर रीड, जान झाली व्हनेसा रेडग्रेव्ह. आणि मग सिनेमाच्याच अंगात आलंय असं समजून जो तो ते उतरवायला धावला. ब्रिटिश सेन्सॉरचे जॉन ट्रेव्हेलियन यांनी कापला. अमेरिकन स्टुडिओनं कापला. एवढं कापून फक्त प्रौढांसाठीचं ‘एक्स’ सर्टिफिकेट मिळालं, तरी ब्रिटनमधल्या कित्येक नगरपालिकांनी बंदी घातली. अमेरिकेत आणखी कात्री. एका समीक्षकानं झोडपलं, तर रसेलनं टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमात पेपरची गुंडाळी करून त्याच्या डोक्यात हाणली. (आमच्या नाट्यमंडळातले दोन-तीन लेखक ही गोष्ट ऐकून भारावून गेले होते.) कापलेल्या दृश्यांपैकी सगळ्यात बदनाम दृश्य मार्क कर्मोड या समीक्षकानं २००२ साली शोधून काढलं. पण सापडलं म्हणून बाजारातल्या प्रतीत घालत होतं कोण! २०१०मध्ये अमेरिकेत सिनेमा आयट्यून्स या इंटरनेटवरच्या दुकानात आला आणि तिसऱ्या दिवशी, कारण न देता, गायब झाला. ग्रांदिएला निदान आरोपपत्र तरी मिळालं होतं.

शेवटी मार्च २०१२मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं ‘एक्स’ सर्टिफिकेटवाली प्रत डीव्हीडीवर काढली. ते बघायला रसेल नव्हता. चारच महिन्यांपूर्वी गेला. मूळ लांबी १११ मिनिटं, डीव्हीडीवर १०७. ही चार मिनिटं कुणी कापलेली नाहीत. तिकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चित्रं पळतात, म्हणून सिनेमा लवकर संपतो. हे मी मेहुण्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “पण पैसे तेवढेच घेतले.”

तर १०७ मिनिटं. हा आकडा मी बँकेच्या जुन्या डायरीत लिहिला. सवय, दुसरं काय.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, सगळे जेवून आडवे झाल्यावर मी आवाज न करता डबी उघडली आणि तबकडी आत सरकवली. प्लेअर कुरकुरला. पडद्यावर आलं: चुकीचा रीजन.

मग कळलं की डीव्हीडीवाल्यांनी पृथ्वीची वाटणी केली आहे. पहिल्या विभागात अमेरिका, दुसऱ्यात युरोप आणि जपान, पाचव्यात आपण, रशिया आणि जवळजवळ सगळी आफ्रिका. सातवा राखून ठेवलाय. आठवा विमानं आणि जहाजांसाठी. म्हणजे हा सिनेमा मी इंग्लंडात बघू शकतो, फ्रान्सात बघू शकतो, सांगलीत नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर रीजन बदलता येतो असं समजलं, पण तो फक्त पाच वेळा. “मामा, माझे चार झालेत,” तो म्हणाला. “शेवटचा मी ननवर घालवणार नाही.” हे तो जेवणाच्या टेबलावर म्हणाला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. वाढायची थांबली नाही, पण बघितलं.

शेवटी मारुती रोडमागच्या एका टीव्ही मेकॅनिककडे प्लेअर काखोटीला मारून गेलो. त्यानं नाव-गाव काही विचारलं नाही. ट्रे उघडला, रिमोटवर चार आकडे दाबले, पडद्यावर एक गुप्त पान उघडलं आणि त्यानं पाचच्या जागी शून्य केलं.

“झालं साहेब. आता याला देशच नाही.”

“किती द्यायचे?”

“बसायला या कधी. आणि ती कॅसेट काय आहे ती बघू की आम्हाला पण.”

घरी आलो तो संध्याकाळचे सहा. आता मुहूर्त बघत बसलो तर हे वर्षही जाईल, म्हणून लगेच लावली. होम व्हिडिओ या शब्दातल्या होमबद्दल मला काही बोलायचं आहे. हा शब्द ज्यांनी काढला त्यांच्या घरात दुसरी खोली असावी, तिला दार असावं, दाराला कडी असावी, आणि कडी लावली की “बरं नाही का?” असं विचारणारं कुणी नसावं. आमच्या घरात टीव्ही हॉलमध्ये. हॉलमध्येच आईचा दिवाण. हॉलमधूनच स्वयंपाकघरात जायची वाट. म्हणजे लूदाँचा चौकच.

सुरुवातीलाच राजा तेरावा लुई स्त्रीवेषात, शिंपल्यातून प्रकट होत, नाचायला लागतो. दिवाणावरून आवाज आला, “पुरुष आहे ना रे हा?”

“झोपली नाहीस?”

“चालण्यावरून कळतंय. बालगंधर्वांचं नाही कळायचं.”

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. इंग्रजी येत नाही, पण त्यानं तिचं आजवर कधी अडलेलं नाही. मी म्हटलं, देवाचा सिनेमा आहे, जोगिणींचा, तुला कंटाळा येईल. नावात डेव्ह ऐकून तिलाही ते पटलं आणि ती उठून बसली. माझी सगळी चूक इथे आहे.

मग सेट दिसायला लागला. डेरेक जार्मन या तरुण चित्रकारानं उभारलेलं गाव: सगळीकडे पांढऱ्या स्वच्छ विटा, पांढरे उंच तट, पांढरा मठ. जुनं-पुराणं, मळकं काही नाहीच. मी भारावून बघत होतो.

“एवढी पांढरी फरशी पुसतं कोण?” आई म्हणाली.

“आई, तो तट आहे.”

“न्हाणीघरासारखं दिसतंय गाव.”

मी गप्प झालो. कारण त्या मठात जे चालतं त्याला हक्सलेच्या पुस्तकात सार्वजनिक शौचालयाची उपमा आहे आणि रसेलला हा पांढरा सेट सुचला तो तिथूनच. हे मला कळायला एक महिन्याची बिनपगारी रजा लागली होती.

जान स्वप्नात ग्रांदिएला पाण्यावरून चालत येताना बघते तेव्हा बायको कपबशा उचलायला आली. येशूच्या जागी ऑलिव्हर रीड, आणि जान त्याच्या पायाशी. मग तिची नजर पायाशी राहीना. बायकोनं एका हातानं ट्रे धरला, दुसऱ्या हातानं रिमोट उचलला आणि सिनेमा पुढे पळवला. चष्मा नसताना. बरोब्बर पुढच्या बिनधोक जागी थांबवला. ट्रेव्हेलियनसाहेबांकडे माणसं होती, मशीन होतं. हिच्याकडे नुसता अंदाज. असं तीन वेळा झालं. वजा १२.

सैतान उतरवायचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि बेल वाजली. शेजारच्या काकू विरजण मागायला. वाटी हातात, नजर टीव्हीवर. पडद्यावर जोगिणी जमिनीवर लोळतायत, किंचाळतायत, गर्दी टाळ्या पिटतेय.

“अगं बाई! अंगात आलंय का हिच्या?” काकू दिवाणावर टेकल्या. “आमच्या चुलतसासूंच्या यायचं. गार पाण्याचा हबका मारायचा, लगेच उतरतं.”

पडद्यावर पाण्याचाच उपाय चालला होता. मंत्रलेलं पाणी होतं, पिचकारी चांगली जाडजूड होती. फक्त हबका तोंडावर नव्हता. बायको कुठून आली कळलं नाही. टीव्हीवर मालिका लागली. “काकू, तुमची वेळ झाली ना,” ती म्हणाली. काकूंनी वाटी धरूनच मालिका बघितली, जाहिरातींसकट. डबीतला सिनेमा मागे तसाच चालू होता, माझ्याविना. वजा १९.

परत आलो तेव्हा एक उमराव पाद्र्यांना एक पेटी देत होता: आत ख्रिस्ताचं रक्त आहे, हिच्या जोरावर बघा सैतान जातात का. पेटी पुढे धरली आणि जोगिणी शांत. एकदम शांत. मग तो पेटी उघडून दाखवतो, तर आत काही नाही, आणि उमराव म्हणजे खुद्द राजा. मी टाळी दिली असती, पण द्यायला शेजारी आई.

“रिकामी होती,” आई म्हणाली. “मग पुढं का चालू ठेवलं?”

“लोक आले होते ना एवढे.”

“हं.” तिनं पाय वर घेतले.

लोडशेडिंग झालं. वीज आल्यावर प्लेअरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची इच्छा होती. राजा परत शिंपल्यात. अंदाजानं पुढे नेलं, जरा जास्तच पुढे गेलं. वजा ६.

१०७ वजा १२ वजा १९ वजा ६, शिल्लक ७०. एवढ्या सिनेमाला कुठल्याही बोर्डानं बालकांसाठीही परवानगी दिली असती.

शेवटी ग्रांदिए जळत असतो आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांसमोर सुरुंग लावून गावाचे तट उडवतात. पांढऱ्या विटांचा ढिगारा. त्यानं गुपचूप लग्न केलेली बायको त्या ढिगाऱ्यावरून चालत गावाबाहेर निघून जाते. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. कुकरची शिट्टीसुद्धा झाली नाही.

“म्हणजे भिंतच पाडायची होती,” आई म्हणाली.

“हो.”

“मग सरळ नोटीस द्यायची.” ती आडवी झाली. “आपल्या जुन्या वाड्याच्या वेळेला निदान नोटीस दिली होती.”

सकाळी काकू वाटी परत द्यायला आल्या. दारातच विचारलं, “त्या बाईचं उतरलं का हो शेवटी?”

सिनेमात ते दाखवलेलं नाही, पण मला माहीत होतं आणि विचारणारं माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदा भेटलं होतं. म्हणून मी सगळं सांगितलं. माणूस जाळला तरी सैतान गेले नाहीत, आणखी तीन वर्षं कार्यक्रम चालूच राहिले. मग ते एकेक करून गेले आणि जाताना जानच्या डाव्या हातावर येशू, मेरी, जोसेफ अशी नावं उमटवून गेले. १६३८ साली तो हात दाखवत ती फ्रान्सभर फिरली. पॅरिसमध्ये बघायला ही गर्दी. रिशल्यूनं बघितला, राणीनं बघितला.

काकूंनी पदरानं वाटी पुसली.

“हात दाखवायचे किती घ्यायची?”