'राइट चॉइस' आणि परातीतले तांदूळ

परवा नववीच्या निबंधवह्या तपासत होते. विषय नेहमीचाच, 'मला कोण व्हायचंय'. वहीमागून वही तेच वाक्य: 'करिअरमध्ये राइट चॉइस करणं खूप इम्पॉर्टंट आहे.' एकीनं 'चॉइस केला' लिहिलंय, तिच्या शेजारणीनं 'चॉइस केली'. आणि पुढे काहीच नाही. कशातून निवडलं, का निवडलं, याचा पत्ताच नाही.

इंग्रजी शब्दांचं मला वावडं नाही. पेन, बस, डॉक्टर कधीच आपले झाले. पण हा एक शब्द येतो आणि आपले चार शब्द घेऊन जातो, तेव्हा जीव तुटतो.

साडी पसंत पडते, स्थळ पसंत पडतं. बैल मात्र पारखायचा असतो. आमचे आजोबा बाजारात बैलाचं तोंड उघडून आधी दात बघायचे, आदत (अजून दुधाचेच दात) आहे, दुसा (दोन पक्के दात आलेला) आहे की चौसा (चार आलेला). मग खांदा चाचपायचे, चार पावलं चालवून बघायचे. 'पारख' हा शब्द 'परीक्षा'वरूनच आलाय. कोकणात एखादी गोष्ट अडली की देवाचा कौल घेतात. दोन गोष्टी समोर असल्या की आपण डावं-उजवं करतो आणि सरस ठरते तिला उजवी म्हणतो. मग तो 'राइट' बाहेरून कशाला आणायचा?

आणि निवडणं! आई दुपारी परातीत तांदूळ पसरून बसायची. खडा, साळ, काळा पडलेला दाणा बोटानं कडेला सारायची. चांगला दाणा शोधायची गरजच नव्हती. नको ते काढलं की उरलेला सगळा तांदूळ आपला. मेथीही तशीच निवडतात. 'निवडणूक' याच क्रियापदातून आली, म्हणून मतदानाच्या दिवशी मला हटकून ती परात आठवते.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "घरी तांदूळ कोण निवडतं गं?" दोनच हात वर आले. आता पाकिटातला तांदूळ स्वच्छच येतो, पोरींचा काय दोष! मग आईची परात सांगितली, आजोबांचा बैल सांगितला.

'चॉइस' लिहिणाऱ्या त्या दोघींपैकी एकीनं आज निबंध पुन्हा लिहून आणला. पहिलं वाक्य असं: 'जे मला जमणार नाही ते आधी बाजूला काढलं, उरलेल्यातून नर्सिंग निवडलं.' खाली दीड पान, का ते लिहिलेलं.