आईचं परदेशी खातं

जानेवारीतला एक रविवार आमच्याकडे पासबुकांचा असतो. सदाशिव पेठेतल्या घरी आई कपाटाच्या खालच्या खणातून एक प्लास्टिकची पिशवी काढते. त्यातून तीन पासबुकं आणि रबरबँड लावलेल्या एफडीच्या पावत्या टेबलावर येतात. मग मी चष्मा लावून गेल्या वर्षात प्रत्येक खात्यात जास्तीत जास्त किती पैसे होते ते शोधायला बसते. सरासरी नको, वर्षअखेरची शिल्लक नको. वर्षातल्या कुठल्याही एका दिवसाची सगळ्यात मोठी शिल्लक हवी. बँकेच्या प्रिंटरमधली शाई कायम संपत आलेली, ओळी एकमेकींवर चढलेल्या. हा ३ आहे की ८, यावर आमचा दरवर्षी वाद होतो.

हा आकडा मला अमेरिकेच्या अर्थखात्याला कळवायचा असतो.

आई ८१ वर्षांची आहे. अमेरिकेला ती एकदाच गेली, माझ्या बाळंतपणाला, न्यू जर्सीतल्या एडिसनला, आणि थंडीला वैतागून परत आली. पैसे तिचे, तिच्या आणि बाबांच्या पेन्शनीतून साठलेले. माझं नाव खात्यावर दुसरं, ‘दोघांपैकी कोणीही’ म्हणून, उद्या तिला बँकेत जाता आलं नाही तर असावं म्हणून. घरोघरी हेच असतं. पण मी अमेरिकन नागरिक आहे, त्यामुळे लक्ष्मी रोडपासून पाच मिनिटांवरच्या सहकारी बँकेतलं हे खातं अमेरिकेच्या लेखी ‘परदेशी खातं’ ठरतं. माझ्या सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, म्हणजे साधारण साडेआठ-नऊ लाख रुपये, की सगळी खाती कळवायची. खातेक्रमांक, बँकेचा पत्ता आणि सहखातेदाराचं नाव यांसकट. या फॉर्मला एफबार म्हणतात.

“म्हणजे माझं नाव अमेरिकेच्या खजिन्यात?” आईने पहिल्या वर्षी विचारलं होतं. तिला जरा बरंच वाटलं असावं.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिची मुलगी तिकडे जन्मलेली, आता बाणेरला नोकरीला लागलेली. “इथे भारतात टॅक्स भरतोच की, मग अमेरिकेचा काय संबंध?” असं ती म्हणाली. फोनवर अर्धा तास बोलूनही नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

संबंध आहे. जगातले जवळजवळ सगळे देश तुम्ही राहता कुठे हे बघून कर लावतात. भारतही तेच करतो, म्हणून तर एनआरआय मंडळी १८२ दिवस मोजत बसतात. अमेरिका पासपोर्ट बघते. नागरिक असाल तर पुण्यात राहा, दुबईत राहा नाहीतर अंटार्क्टिकावर, जगभरातलं उत्पन्न दरवर्षी फॉर्म १०४० वर, म्हणजे तिथल्या आयकर विवरणपत्रात, दाखवायचं. परदेशातल्या आपल्या नागरिकांवर असा हक्क सांगणारा दुसरा देश म्हणून नेहमी इरिट्रियाचं नाव घेतात. तो दोन टक्के घेतो. गंमत अशी की २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने इरिट्रियाच्या या कराच्या वापराचा निषेध केला, त्या पैशातून शेजारच्या देशांत अस्थिरता माजवली जाते म्हणून. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत अमेरिका होती.

अमेरिकेची ही पद्धत तिथल्या यादवी युद्धाच्या काळापासूनची आहे, १८६० च्या दशकातली. पुढे मेक्सिकोत राहणाऱ्या कुक नावाच्या अमेरिकन माणसाने विचारलं की मी इथे, माझी मालमत्ता इथे, कमाई इथे, तर तुमचा कर कसला? १९२४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नागरिक कुठेही असला तरी सरकारचा त्याला उपयोग असतोच, सबब कर लावता येतो. शंभर वर्षं झाली, निकाल अजून तसाच उभा आहे.

आता माझी गोष्ट. आम्ही २०१२ मध्ये न्यू जर्सीहून परत आलो. नवऱ्याने नागरिकत्व कधी घेतलंच नव्हतं. त्याने ग्रीन कार्ड परत केलं आणि विषय संपला. मी घेतलं होतं, तेव्हाच्या नोकरीसाठी. शपथ घेताना डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं, पण कराचं कलम तेव्हा कोण वाचतं? पुण्यात आल्यावर मी अनुवादाची कामं घ्यायला लागले. आमच्या तेव्हाच्या सीएंनी सांगितलं, “तिकडचं सगळं बंद केलंत ना? मग झालं.” मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि चार वर्षं सुखात काढली.

मग २०१६ मध्ये बँकेतून एक स्वयंघोषणेचा फॉर्म आला. तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का? जन्म अमेरिकेत झाला का? याच्या मागे अमेरिकेचा २०१० सालचा फॅटका नावाचा कायदा आहे. जगभरातल्या बँकांनी आपल्या अमेरिकन खातेदारांची माहिती द्यायची, नाहीतर त्यांच्या अमेरिकेतून येणाऱ्या पैशातून ३० टक्के कापून घेऊ, असा तो दम आहे. भारताने जुलै २०१५ मध्ये त्यासाठी करार केला. नाव फॅटका असलं तरी आमच्या घरात त्याला फटकाच म्हणतात. तेव्हा ‘कुणाला कळतंय’ म्हणणाऱ्या सर्वांना नम्र सूचना: कळतं. बँकच सांगते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इंटरनेटवर वाचलेले दंड एकेक दहा हजार डॉलरचे होते. त्यावरून सांगते, रोमानियाला परत गेलेल्या बिटनर नावाच्या गृहस्थांना एफबार न भरल्याबद्दल २७ लाख २० हजार डॉलर दंड लावला होता. पाच वर्षांतली खाती मोजून २७२ झाली, प्रत्येकी दहा हजार. मुद्दाम लपवलं असा आरोपही नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की दंड खात्यामागे नाही, वर्षाच्या एका अहवालामागे. म्हणजे ५० हजार. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर माणूस बुडाला होता.

माझं निभावलं, कारण अजाणतेपणी चुकलेल्यांसाठी एक वाट ठेवलेली आहे. मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं, सहा वर्षांचे एफबार, आणि मुद्दाम केलं नाही असं कारणांसह लिहून द्यायचं. दंड माफ, कर आणि व्याज मात्र भरायचं. ज्यांच्या पोटात आत्ता गोळा आलाय त्यांनी हे नीट वाचा. तिकडून पत्र येण्याआधी आपणहून जायचं असतं. चौकशी सुरू झाली की ती वाट बंद होते.

यावर लोक म्हणतात की दुहेरी कर थोडाच लागतो, करार आहे की. भारत-अमेरिका करार १९८९ चा आहे, खरं आहे. पण त्यातच एक कलम आहे की अमेरिका आपल्या नागरिकांवर, थोडे अपवाद सोडता, करार नसल्यासारखाच कर लावू शकते. नोकरदाराला दुसरी सवलत आहे. वर्षाचे ३३० दिवस बाहेर राहिलात तर २०२५ सालासाठी १ लाख ३० हजार डॉलरपर्यंतची कमाई वगळता येते. शिवाय इथे भरलेल्या कराची वजावट मिळते. त्यामुळे बऱ्याच जणांचा अमेरिकेतला कर शेवटी शून्य येतो. पण तो शून्य आहे हे दरवर्षी सिद्ध करावं लागतं. आपलं वर्ष मार्चला संपतं, त्यांचं डिसेंबरला, म्हणून दोन फॉर्म १६ पसरून तीन महिने इकडचे कापा, नऊ महिने तिकडचे जोडा. आणि किती उत्पन्नापासून विवरणपत्र भरायचं, ती मर्यादा? नवरा अमेरिकन नसला आणि बायको वेगळं विवरणपत्र भरत असली तर ती पाच डॉलर आहे. हो, पाच. दोन कप कॉफीसुद्धा येत नाही त्यात न्यू जर्सीला.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याची तर कथाच निराळी. ती वगळण्याची सवलत आयकरापुरती आहे. सोशल सिक्युरिटी (तिकडची सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा) यांसाठीचा १५.३ टक्के स्वयंरोजगार कर तिच्यातून सुटत नाही. ज्या देशांशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे तिथल्या लोकांना यातून मोकळीक मिळू शकते. भारताशी असा करार नाही. अनुवादातून माझं वर्षाचं निव्वळ उत्पन्न १३ हजार डॉलर धरा, म्हणजे साडेअकरा लाखांच्या आत. आपल्या अर्थमंत्र्यांनी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचा कर शून्य करून टाकला. जिथे मी राहते, जिथल्या रस्त्यांवरचे खड्डे मी चुकवते, ते सरकार म्हणतं ठेव तुला. आणि आठ हजार मैलांवरचं सरकार थोडी वजावट धरूनही साधारण १,८३७ डॉलर घेतं, दीड लाखाच्या वर. त्यातला मेडिकेअरचा वाटा मला फार झोंबतो. कारण मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांना सहसा पैसे देत नाही. पुण्यात माझं अ‍ॅपेंडिक्स काढलं तर एक रुपया मिळायचा नाही.

सोशल सिक्युरिटीची पेन्शन मला इथे मिळेल, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यासाठी लागणारी दहा वर्षं मी तिकडे नोकरी करतानाच पुरी केली होती.

आता मुलगा. एडिसनला जन्मला, म्हणून जन्मतःच अमेरिकन. दहा वर्षांचा असताना इथे आला. तेव्हापासून त्याचं अमेरिकनपण बास्केटबॉलच्या बनियनपुरतं. गेल्या वर्षी पहिली नोकरी लागली, १६ लाखांचं पॅकेज. मित्रांचं बघून पाच हजारांची एसआयपी सुरू केली आणि अभिमानाने मोबाईलवर दाखवायला आला. मी कपाळाला हात लावला. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कायद्यात ‘पीएफआयसी’ नावाच्या काळ्या यादीत बसतो. श्रीमंतांनी परदेशी फंडांत पैसे दडवू नयेत म्हणून १९८६ मध्ये केलेला नियम. एकूण रक्कम २५ हजार डॉलरच्या आत असेपर्यंत दरवर्षीचा फॉर्म माफ होतो, पण विकून फायदा झाला की तो फायदा धरून ठेवलेल्या सगळ्या वर्षांवर वाटायचा, मागच्या प्रत्येक वर्षाला त्या वर्षीचा सर्वांत वरचा दर लावायचा आणि वर व्याज. त्याचा प्रत्यक्षातला दर शून्य असला तरीही. शेवटी एसआयपी बंद केली. थेट शेअर घेतोय आता, म्हणजे बाजारातल्या सगळ्यात नवख्या माणसाला जास्त धोक्याचा रस्ता धरायला लावला. “आई, मी काय पाप केलं?” म्हणाला. काय सांगणार?

“पासपोर्टचे फायदे हवेत, मग कुरकुर कशाला?” असं एका मित्राने मागच्या पोस्टखाली लिहिलं होतं. माझ्यापुरतं मान्य. मी हात वर करून शपथ घेतली होती. वकिलातीचं संरक्षण आहे, मत देता येतं, व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. त्याचं मोल म्हणून वर्षाला ठरावीक फी मागा, देते मी. पण माझ्या आईची पासबुकं, मुलाची पाच हजारांची एसआयपी हा हिशेब कसला? स्वित्झर्लंडमध्ये पैसे लपवणाऱ्यांसाठी विणलेलं जाळं आहे हे, आणि त्यात अडकतायत पुण्यातल्या पेन्शनर बाया. कर राहत्या ठिकाणी लागावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

सोडून का देत नाहीस, हाही प्रश्न येतो. बोरिस जॉन्सननी सोडलं. न्यूयॉर्कला जन्मले म्हणून अमेरिकन. लंडनमधलं घर विकल्यावर अमेरिकेने कर मागितला, आधी भडकले, मग २०१५ मध्ये भरला, आणि २०१६ मध्ये नागरिकत्व सोडलं. इंग्लंडचा पासपोर्ट त्यांच्या खिशात होता. माझ्या मुलाकडे भारतात राहण्याची मुभा देणारं ओसीआय कार्ड आहे, ते नागरिकत्व नव्हे. आधी भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज, त्याची वाट बघणं, शिवाय मागच्या पाच वर्षांची अमेरिकन करपूर्ती. २३ व्या वर्षी कुठल्या पोराने हा कायमचा निर्णय घ्यावा? सोडण्याची फीसुद्धा २०१४ मध्ये ४५० डॉलरवरून २,३५० केली होती. २०२४ च्या निवडणुकीआधी ट्रम्पनी परदेशस्थ अमेरिकनांचा दुहेरी कर काढण्याचं आश्वासन दिलं, डिसेंबरमध्ये लाहूड नावाच्या खासदारांनी विधेयकही मांडलं. त्याच्या भरवशावर मी पासबुकांचा रविवार रद्द केलेला नाही.

ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी: तारीख १५ एप्रिल, परदेशात राहणाऱ्यांना आपोआप १५ जूनपर्यंत मुदत, पण कर देणं असेल तर व्याज एप्रिलपासूनच. एफबारला आपोआप १५ ऑक्टोबर. आणि ‘एफडी मोडून बचत खात्यात टाकली’ तर तेच पैसे दोन खात्यांत दोनदा मोजले जातात. मागच्या वर्षी आईने हेच केलं आणि कागदावर आम्ही एकदम दुप्पट श्रीमंत झालो.

मी आईला म्हटलंही होतं, माझं नाव काढून टाकू या, नुसतं नॉमिनी ठेवू. ती ऐकून घेते आणि विषय बदलते. बाबा गेले तेव्हा बँकेत सहा महिने खेटे घातलेत तिने. काल संध्याकाळी गेले तर चहा टाकता टाकता म्हणाली, “अगं, पोस्टात नवीन आरडी उघडली. तुझंही नाव घातलंय हो.”